परीक्षक कुठून आले, यावर निकाल किती ठरतो?

एकांकिका स्पर्धेचा निकाल लागला की नाट्यगृहाबाहेर चहाच्या गाडीवर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. बक्षीस मिळालेले म्हणतात, "परीक्षकांना बरोबर कळलं." न मिळालेले म्हणतात, "परीक्षकच तसले होते." दोघंही नकळत एकच गोष्ट कबूल करत असतात, की निकाल जेवढा रंगमंचावरच्या प्रयोगाचा, तेवढाच समोर छोटा दिवा लावून बसलेल्या तिघांचा. पण 'तसले' म्हणजे कसले, हे पुढे कुणी विचारत नाही. ही माणसं कशावर पोट भरतात, कुणाच्या तालमीत तयार झाली, याआधी त्यांनी काय पाहिलंय, आणि त्यांनी दिलेल्या गुणांची बेरीज शेवटी कुणी कशी केली?

लबाडीबद्दल मी लिहीत नाहीये. सेटिंग झालं, फोन गेले, या कथा प्रत्येक गावात असतात आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. पण तीन अगदी सचोटीचे परीक्षक बसवले तरी त्यांच्या पार्श्वभूमीनुसार निकाल इकडचा तिकडे होतो. तो कसा होतो हे समजून घेतलं, तर निम्मी भांडणं तरी नीट मुद्द्यावर होतील.

उदाहरणं मुख्यतः नाटकाची घेतोय, कारण आपल्याकडे कोणताही स्थानिक कला महोत्सव घ्या, गाडी शेवटी एकांकिकांवर येतेच. पण रांगोळ्या, गणपतीचे देखावे, गोव्यातले नरकासुर, चित्रप्रदर्शनं, कुठेही हीच गोष्ट थोड्याफार फरकाने लागू पडते.

खरी कात्री कुणाच्या हातात

पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा बहुतेकांना माहीत असते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ती भरवते, भरत नाट्य मंदिरात. प्राथमिक फेरीत महाविद्यालयांचे 51 संघ, त्यातून अंतिम फेरीत 9. आता हे आकडे जरा परीक्षकांच्या बाजूने बघा. प्राथमिक फेरीच्या परीक्षकांनी 42 संघ घरी पाठवले. अंतिम फेरीच्या परीक्षकांना ते 42 प्रयोग कधी दिसलेच नाहीत. त्यांच्यापुढे आधीच गाळून आलेले नऊ. तरीही चर्चा होते ती अंतिम फेरीच्या नावांची, फ्लेक्सवर फोटो लागतात तेही त्यांचेच.

शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेतही तेच. वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, तिथून निवडक नाटकं अंतिम फेरीला जातात. एखादं वेगळ्या वळणाचं नाटक केंद्रावरच अडलं, तर अंतिम फेरीत कितीही जाणकार माणूस बसवा, त्याचा उपयोग शून्य. छोटे आयोजक तर याच्या नेमकं उलट वागतात: अंतिम फेरीसाठी महिनाभर आधीपासून मोठ्या नावाच्या मागे, आणि प्राथमिकला "आपले अमुक सर आहेतच की." माझ्या मते अनुभवी परीक्षकाची गरज प्राथमिक फेरीलाच जास्त. कच्च्या प्रयोगातली चांगली गोष्ट ओळखायला डोळा तयार लागतो. शेवटच्या नवांत डावं-उजवं करणं त्यामानाने सोपं.

परीक्षकापुढचा कागदही पाहायला हवा. कुठे लेखन, दिग्दर्शन, अभिनय एवढेच रकाने; कुठे नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा असे आठ-आठ. 'पुरुषोत्तम'चा भर लेखन-दिग्दर्शन-अभिनयावर. त्याच पुण्यातल्या फिरोदिया करंडकात नाटकाच्या चौकटीत नृत्य, वादन, चित्र, जादूचे प्रयोग असं सगळं एकत्र गुंफून दाखवायचं असतं. तिथे नुसता नाटकवाला परीक्षक बसवला तर मागे कॅनव्हासवर वीस मिनिटांत उभं राहिलेलं चित्र बरं आहे की सुमार, हे तो कशाच्या आधारे सांगणार? टाळ्या वाजल्या, एवढंच त्याला कळेल.

एक चूक, तीन निदानं

पार्श्वभूमीचा परिणाम म्हणजे आवडनिवड, असं आपण समजतो. कुणाला विनोदी आवडतं, कुणाला गंभीर. तेवढंच असतं तर प्रश्न सोपा होता. खरी गोम अशी की समोर काय घडलं, याबद्दलच तिघांचं एकमत नसतं.

कल्पना करा, बाप-लेकीची एकांकिका चालू आहे. बापाचं काम करणाऱ्या मुलाने मध्येच अर्धं पान गाळलं आणि तो थेट पुढच्या वाक्यावर गेला. मुलीचं काम करणारी सेकंदभर थबकली, मग पदरचं एक वाक्य टाकून तिने प्रसंग सावरून घेतला. दरम्यान प्रकाशयोजनेचं काय झालं? लाइट बदलायचा तो बापाच्या एका विशिष्ट वाक्यावर. ते वाक्य गाळलेल्या अर्ध्या पानात होतं, म्हणून आलंच नाही. बोर्डवरचा मुलगा त्या वाक्याची वाट बघत राहिला आणि शेवटी अंदाजाने लाइट बदलला तेव्हा बाप खुर्चीवरून उठून गेला होता. रिकामी खुर्ची उजळून निघाली.

आता तीन कागद बघा. नट असलेल्या परीक्षकाने मुलीचं थबकणं टिपलं, सावरणंही टिपलं, आणि तिला भरघोस गुण दिले. लेखक असलेल्या परीक्षकाला पान गळल्याचं कळलं नाही, कारण संहिता त्याने वाचलेली नव्हती. शेवटाचं बीज त्या गळलेल्या पानात होतं, त्यामुळे त्याने लेखनाच्या रकान्यात लिहिलं, "शेवट अचानक येतो." प्रकाशयोजना करणाऱ्या परीक्षकाने रिकाम्या खुर्चीवरचा लाइट बघून "क्यू चुकला" असा शेरा मारला आणि प्रकाशाचे गुण कापले. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्या दोघांना. यात कुणी अप्रामाणिक होता का? मुळीच नाही. प्रत्येकाने आयुष्यभर ज्या जागेवरून नाटक पाहिलं, त्या जागेवरून दिसलं ते लिहिलं.

त्यातल्या त्यात बॅकस्टेजला वर्षं काढलेला माणूस असता तर त्याला सगळी साखळी लक्षात आली असती. विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेल्या माणसाला प्रयोगाबद्दल जेवढं कळतं तेवढं पहिल्या रांगेतल्या समीक्षकाला कळत नाही. पण परीक्षक म्हणून बॅकस्टेजवाल्याला बोलावल्याचं तुम्ही किती वेळा ऐकलंय?

मग परीक्षक येतात कुठून?

आदर्श परीक्षक कोण यावर परिसंवाद होतात. प्रत्यक्षात आयोजक हातात मोबाइल घेऊन बसतो आणि ज्याला त्या तारखा मोकळ्या आहेत, जो मिळेल त्या मानधनात यायला तयार आहे आणि ज्याची परतीच्या गाडीची सोय होते, तो परीक्षक ठरतो. स्पर्धा तीन दिवस चालणार असेल तर नोकरी करणाऱ्याला रजा टाकावी लागते. मालिकेत काम करणाऱ्या नटाचं शूटिंगचं वेळापत्रक आदल्या रात्रीपर्यंत हलत असतं. तो "हो" म्हणतो आणि ऐनवेळी आपल्याऐवजी मित्राला पाठवतो. म्हणून यादीत वारंवार दिसतात ते निवृत्त प्राध्यापक, बँका-एलआयसी-सरकारी खात्यांतून बाहेर पडलेले जुने हौशी रंगकर्मी, स्थानिक पत्रकार आणि नाट्यशास्त्र शिकून आलेली तरुण मंडळी.

हे वाईट आहे असं अजिबात नाही. महाराष्ट्रातली हौशी रंगभूमी उभी राहिली त्यात कचेरी सुटल्यावर तालमीला येणाऱ्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं घाम गाळला. असा माणूस परीक्षक झाला की त्याला तालमीची मेहनत दिसते, हालचाली घोटलेल्या आहेत की नाहीत हे चटकन कळतं, वाक्य गिळणाऱ्याला तो माफ करत नाही. पण त्याच्या मनातलं चांगलं नाटक अनेकदा तो स्वतः ऐन भरात असतानाच्या काळातलं असतं.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, इथून शिकून आलेला परीक्षक रंगावकाश कसा वापरलाय ते बघतो, शब्दांशिवाय काय सांगितलं ते शोधतो. घटकाभर नुसत्या शांततेवर चालणारा प्रसंग त्याला भावतो. व्यावसायिक रंगभूमीवरून आलेल्याचे कान मात्र मागे, प्रेक्षागृहाकडे असतात. हशा कुठे आला, कुठे खुर्च्या वाजायला लागल्या, हे त्याला न वळता कळतं, कारण त्याचं घर बुकिंगवर चाललंय. प्रायोगिकवाला जिथे टाळी पडली तिथे संशयाने बघतो, व्यावसायिकवाला टाळी पडली नाही तिथे. दोघं शेजारीशेजारी बसून एकच प्रयोग बघतात आणि दोघांच्या कागदांत पंधरा-वीस गुणांचा फरक पडतो.

छोट्या पडद्यावरच्या चेहऱ्याला बोलावण्यामागे प्रायोजकाचा आग्रह असतो, हे उघड गुपित आहे. तो चेहरा उत्तम परीक्षकही असू शकतो. कित्येक जण एकांकिकांतूनच वर आलेत. त्याच्याबद्दल विचारायचं ते एवढंच: दिवसाला आठ-नऊ प्रयोग बसून बघायची आणि प्रत्येकाची टिपणं काढायची सवय आहे का? की उद्घाटन, सेल्फी, आणि शेवटच्या दोन एकांकिका?

बोली आणि बाज

परीक्षक कोणत्या भागातून आला, हे तो काय शिकला याच्याइतकंच महत्त्वाचं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी घ्या. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मोठं केंद्र, आणि नाटक रात्रभर चालतं, मंडपात, गाण्यांसकट. शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाज मोठा लागतो, हातवारे मोठे लागतात. त्या तालमीत तयार झालेला नट शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहात उभा राहिला की मुंबईचा परीक्षक लिहितो, "अभिनय भडक." मंडपातल्या प्रेक्षकाच्या हिशेबाने तो अभिनय अगदी मापात होता. उलट वडसाचा जाणता माणूस परीक्षक म्हणून बसला, तर कुजबुजत्या आवाजातलं शहरी नाटक त्याला अर्धवट वाटेल. त्याचंही चूक नाही.

कोकणातला दशावतार तर गुणपत्रिकेलाच खिंडीत पकडतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, संवाद नट तिथल्या तिथे रचत जातात. सोबत पेटी, पखवाज, झांज. अशा प्रयोगाचं परीक्षण करताना 'लेखन' या रकान्यात काय भरायचं? मी पाहिलेल्या एका गुणपत्रिकेत परीक्षकाने त्या रकान्यावर सरळ रेघ मारून खाली 'संवादाची हजरजबाबी' असं स्वतःच लिहून गुण दिले होते. तो दशावतार बघत वाढलेला माणूस होता म्हणून हे सुचलं. दुसऱ्या कुणी तिथे इमानेइतबारे शून्य मांडून पुढचं पान उलटलं असतं.

बोलीचं त्याहून नाजूक. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी संवादांतला विनोद अर्धा शब्दात आणि अर्धा लकबीत असतो. परीक्षकाला बोली येत नसेल तर मागचे प्रेक्षक हसतात आणि तो कागदाकडे बघतो. तीनपैकी एक तरी परीक्षक त्या मुलखातला हवा, हा नियम कागदावर लिहिला नसला तरी आयोजकाने स्वतःपुरता पाळावा.

मुंबईतलं जुनं उदाहरण

चित्रकलेत ही सगळी नाट्यं फार पूर्वी घडून गेलीत. 1888 साली मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात तिच्या कारभारावर ब्रिटिश अधिकारी, हौशी युरोपियन चित्रकार आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्तुळातली मंडळी यांची छाप होती. त्यांची नजर युरोपातल्या वास्तवदर्शी शैलीवर तयार झालेली: शरीररचना बिनचूक हवी, छायाप्रकाश नेमका हवा, खोली दिसायला हवी. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे आपले चित्रकार त्या कसोटीवर त्यांच्याच तोडीस तोड उतरले आणि त्यांनी पदकंही मिळवली.

पुढे बघणारे बदलत गेले. 1937 साली सोसायटीचं सुवर्णपदक अमृता शेरगिल यांना मिळालं. त्या पॅरिसला शिकल्या होत्या, पण त्यांचं चित्र जुन्या वास्तवदर्शी चौकटीत बसणारं नव्हतं. त्या दशकाच्या शेवटी नाझींच्या सावटातून बाहेर पडलेले काही युरोपियन मुंबईत आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलादिग्दर्शक झाले आणि सोसायटीच्या कामातही पडले. कला समीक्षक रुडी फॉन लायडन आधीच इथे होते. या लोकांनी आधुनिक युरोपियन चित्रं जवळून पाहिलेली होती, त्यामुळे आरा, रझा, हुसेन यांच्या कामात त्यांना बेशिस्त दिसली नाही, ताकद दिसली. 1947 साली सोसायटीच्या प्रदर्शनात हुसेन यांना बक्षीस मिळालं, आणि त्याच वर्षी सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला.

यात जुने परीक्षक अडाणी आणि नवे शहाणे, असा अर्थ काढायचं कारण नाही. धुरंधरांचं रेखाटन आजही तोंडात बोट घालायला लावतं. पण हुसेन यांची चित्रं पन्नास वर्षं आधीच्या मंडळींपुढे आली असती तर दारातूनच परत गेली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.

दोन फुटपट्ट्या

2022 साली 'पुरुषोत्तम'च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला न देण्याचा निर्णय घेतला. गदारोळ उडाला. मुलांनी महिनोन्महिने तालमी केल्या त्याचं काय, असा एक सूर. दर्जा नसेल तर बक्षीस कशाला, असा दुसरा. परीक्षक बरोबर होते की चूक, यात मी पडत नाही. त्या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे आणि बहुतेक आयोजक तो परीक्षकांशी आधी बोलतच नाहीत: आलेल्यांपैकी सर्वांत चांगला कोण ते सांगायचंय, की एक ठरलेली उंची कुणी गाठली का ते सांगायचंय?

शिकवण्याची पार्श्वभूमी असलेला माणूस सहसा पहिली फुटपट्टी लावतो. समोरची मुलं एकोणीस-वीस वर्षांची आहेत, गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेलीत का, हे तो बघतो. जो स्वतः रोज रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यामागे काम करतो, त्याच्या डोळ्यापुढे त्याचं स्वतःचं क्षेत्र असतं आणि त्या मानाने समोरचं कच्चं वाटणं साहजिक आहे. दोन्ही फुटपट्ट्या रास्त. पण एकाच मंडळात एकाच्या हातात एक आणि दुसऱ्याच्या हातात दुसरी असेल तर बेरजेला काही अर्थच राहत नाही. नियमावलीत एक ओळ टाकली तर हा घोळ टळतो.

बेरजेची गंमत

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, पाचवीच्या पलीकडचं नाही.

तीन परीक्षक, शंभरपैकी गुण. पहिल्याचा हात मोकळा आहे. आवडलं तर 90, नाही आवडलं तर 60. बाकी दोघं जपून चालणारे, त्यांचे सगळे गुण सत्तरीच्या आसपास. क संघाला मिळाले 90, 71 आणि 70, बेरीज 231. ख संघाला 60, 75 आणि 76, बेरीज 211. क जिंकला, तोही तब्बल वीस गुणांनी. पण तीनपैकी दोघांना ख जास्त आवडला होता! जो परीक्षक गुणांचा पसारा मोठा ठेवतो, त्याचं मत आपोआप दोघांच्या मतावर भारी पडतं. त्याला तसा इरादा असण्याचीही गरज नाही. आणि हा पसारा पार्श्वभूमीतून येतो. विद्यापीठात पेपर तपासत आयुष्य गेलेला माणूस 45 ते 75 च्या बाहेर जायला बिचकतो. सोशल मीडियावर दहापैकी दहा देणारा नवा परीक्षक बिनधास्त 98 लिहितो.

उपाय साधे आहेत. गुणांऐवजी क्रम जोडायचे: वरच्या उदाहरणात क चे क्रम 1, 2, 2, म्हणजे 5, ख चे 2, 1, 1, म्हणजे 4. कमी बेरीज ती पहिली, म्हणून ख जिंकतो. किंवा तिघांतला मधला आकडा घ्यायचा: क चा 71, ख चा 75, पुन्हा ख. ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगच्या गुणांवरून 2002 साली सॉल्ट लेक सिटीत एवढा वाद झाला की पुढे जुनी गुणपद्धतच मोडीत काढली गेली. आपल्याकडे अजून आयोजकाचा भाचा वहीत उभी बेरीज मारतो आणि निकाल जाहीर.

परीक्षकाचं अंगभूत माप तरी कितपत स्थिर असतं? कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या पेल्यांतून चाखायला दिली. 2008 मध्ये त्याने निष्कर्ष छापले: तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एखादाच. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी 1996 च्या एका अभ्यासात दिसलं की शेवटच्या दिवसांत वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. पहिल्या दिवशी परीक्षक हात राखून असतो. पुढे काय येईल कुणी सांगावं. आपल्याकडच्या संघांना हे अनुभवाने पक्कं माहीत आहे, म्हणून लॉट्स काढताना पहिला नंबर आला की चेहरे पडतात.

थकवाही धरायला हवा. सकाळी नऊला बसलेल्या परीक्षकाला रात्री साडेनऊची एकांकिका आठवी-नववी असते. साठीचा माणूस असेल, साखर असेल, जेवण उशिरा आलं असेल. आयोजकांनी मधल्या सुट्ट्या कापून वेळ वाचवला, तर तो शेवटच्या दोन संघांच्या खिशातून जातो.

तीन खुर्च्या, एक मत

आपल्याकडचा खास मराठी गुंता म्हणजे गुरू-शिष्य. परीक्षक मंडळात एक ज्येष्ठ सर, दुसरा त्यांच्याच शिबिरांत शिकलेला, तिसरी त्यांच्याच संस्थेत काम केलेली. नावं तीन, मत एक. प्रयोग संपल्यावर सर चष्मा काढून "चांगलं बांधलंय हो," एवढं म्हणाले की बाकी दोघांची पेन्सिल आपोआप वर सरकते. कुणी दबाव टाकत नाही, अदबीचीच ती सवय. म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर आधी गुणांचा कागद बंद पाकिटात आयोजकाकडे, आणि मग चहा आणि चर्चा, हा क्रम पाळला पाहिजे. चर्चा वाईट नसते. गळलेल्या पानाची गोष्ट चर्चेतच उघडकीला येऊ शकते. मग गुण बदलायचे असतील तर खुशाल बदलावेत, कारण लिहून.

लहान शहरात हितसंबंध टाळणं जवळपास अशक्य. जो माणूस परीक्षक व्हायच्या लायकीचा आहे, त्याने गावातल्या निम्म्या मुलांना कधी ना कधी शिकवलेलं असतं. अशा वेळी त्याला वगळण्यापेक्षा त्याच्याकडून आधीच लिहून घ्यावं, की या अमुक संघातल्या मुलांना मी शिकवलंय, आणि त्या संघाचे त्याचे गुण धरू नयेत. बाहेरगावचा परीक्षक हा यावरचा सोपा उपाय वाटतो, पण मग बोलीचा प्रश्न परत उभा राहतो. हा हिशोब प्रत्येक गावाला आपापला मांडावा लागतो.

परीक्षकांची नावं आधी जाहीर करावीत का, यावर दोन तट आहेत. लपवली तर फोन येत नाहीत. सांगितली तर संघ परीक्षक बघून विषय निवडतात, अशी भीती. मला ती अवास्तव वाटते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तालमीला महिना जातो. आठवडाभर आधी नावं कळून कोण काय बदलणार? प्रकाश जरा कमी-जास्त, एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत परीक्षकांचा परिचय छापतात तो मात्र एकजात निरुपयोगी असतो. 'ज्येष्ठ रंगकर्मी', 'अनेक पुरस्कारांनी सन्मानित', 'नाट्यक्षेत्रात भरीव योगदान'. यातून स्पर्धकाला काय कळलं? त्याऐवजी चार ओळी पुरेत: मुख्य काम कोणतं, अभिनय की लेखन की तंत्र, कुठे शिकले, गेल्या दोन-तीन वर्षांत स्वतः काय केलं, आणि या स्पर्धेतल्या कुणाशी काही नातं आहे का. तिघांच्या चार-चार ओळी शेजारी ठेवल्या की मंडळ एकसुरी आहे की नाही ते शाळकरी पोरालाही दिसेल. तीन दिग्दर्शक असतील तर प्रकाशाच्या बक्षिसाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. तिघंही साठीच्या पुढचे असतील तर समाजमाध्यमांवरची एकांकिका करणाऱ्यांनी संदर्भ जरा उलगडून सांगावेत. मंडळात एकही बाई नसेल, आणि अजूनही कित्येकदा नसते, तर बाळंतपणावरच्या नाटकातलं काय खरं आणि काय सिनेमातून उचललेलं, हे कोण सांगणार?

निकालानंतर संघाने भांडायचं असेल तर क्रमांकासाठी भांडू नये, तो बदलत नाही. गुणपत्रिकेची प्रत आणि शेरे मागावेत. काही आयोजक देतात, बरेच "तशी पद्धत नाही" म्हणतात. मागणारे वाढले की पद्धत पडते. शेरे हातात आले की तिघांचे शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. तिघांनीही एकच दोष लिहिला असेल तर तालमीत त्यावर काम करावं. एकानेच लिहिला असेल तर आधी तो एकटा कोण होता ते बघावं. प्रकाशवाल्याने प्रकाशाबद्दल लिहिलं असेल तर एकटा असूनही ते गंभीरपणे घ्यावं, आणि त्यानेच तुमच्या शेवटच्या प्रवेशातल्या संवादांबद्दल लिहिलं असेल, तर पुढच्या स्पर्धेच्या परीक्षकांचे शेरे येईपर्यंत थांबायला हरकत नाही.